जुन्या घरातील रहस्याची कादंबरी: नकाशापासून उलगड्यापर्यंत, योग्य क्रमाने

जुन्या घरात दडलेल्या रहस्यावर बेतलेली कादंबरी लिहायला घेणारे बहुतेक जण पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करतात. पावसाळी रात्र, करकरणारा दरवाजा, कुलूपबंद खोली आणि नुकतीच घरात पाऊल टाकणारी नायिका एवढे सहज लिहून होते. पुढची दहा-बारा प्रकरणेही वातावरणाच्या बळावर निघतात आणि मग एके ठिकाणी लेखकाला प्रथमच विचारावे लागते की त्या खोलीत नेमके आहे तरी काय. त्या क्षणी सुचलेले उत्तर, मग ते भुयार असो, जुळा भाऊ असो किंवा हरवलेले मृत्युपत्र असो, आधी लिहिलेल्या मजकुराशी जुळत नाही आणि वाचकाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते.

या प्रकारात लेखनाचा क्रम वाचनाच्या क्रमाच्या उलट असतो: आधी रहस्य, मग घर, मग काळ, मग माणसे, मग धागेदोरे आणि सर्वांत शेवटी प्रकरणे. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच काल्पनिक कथानक शेवटपर्यंत वापरले आहे.

तयारी

चौकटींचा आलेखकागद, पेन्सिल, मोजपट्टी आणि कथेपुरती राखून ठेवलेली एक वही एवढे साहित्य पुरते. शक्य असेल तर एखाद्या खऱ्या जुन्या घरात टेपने मोजमापे घ्यावीत. खिडकीच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी, जिन्याच्या एका पायरीची उंची, दाराची रुंदी आणि जमिनीपासून तुळईपर्यंतचे अंतर या चार आकड्यांनी पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

नकाशाला हात लावण्यापूर्वी दोन सालेही ठरवावीत: रहस्य घडले ते साल आणि ते उघड होते ते साल. ‘फार पूर्वी’ असे मोघम ठेवले की पात्रांची वये, औषधे, लेखणी, दिवे आणि पोलिसांची साधने या सगळ्यांत पुढे घोटाळे होतात. आपल्या उदाहरणात रहस्य 1931 मध्ये घडते आणि 1952 मध्ये उघडकीस येते.

टप्पा 1: रहस्य आधी स्वतःला सांगा

वहीच्या पहिल्या पानावर रहस्य पाच-सहा सरळ वाक्यांत, कोणताही आडपडदा न ठेवता लिहावे. आपल्या कथेत थोरला भाऊ जून 1931 मध्ये घर सोडून परागंदा झाला, असे सर्वांना सांगण्यात आले आहे. प्रत्यक्षात त्याला क्षय झाला होता, लोकलाजेपोटी त्याला घरातच एका बंद खोलीत ठेवले गेले आणि मे 1932 मध्ये तो तेथेच वारला. त्याची बहीण त्याची शुश्रूषा करत होती आणि एक नोकर जेवण पोहोचवत होता. जानेवारी 1932 मध्ये धाकट्या भावाने, म्हणजे थोरल्याच्या मुलीच्या चुलत्याने, त्याच नोकराकरवी कागद आत पाठवून, आजाराने खचलेल्या भावाकडून जमिनीच्या खरेदीखतावर सही करून घेतली. 1952 मध्ये थोरल्याची मुलगी परत येते, प्रश्न विचारू लागते आणि आठवडाभरात तो म्हातारा नोकर विहिरीत मृतावस्थेत सापडतो.

यानंतर चार प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत. हे रहस्य कोणी निर्माण केले? ते टिकवण्यासाठी आजवर कोण काय करत आले? ते झाकलेले राहण्यात आज कोणाचा फायदा आहे? आणि ते नेमके आत्ताच का उघड होत आहे? नवशिक्यांच्या हस्तलिखितांत दुसरा प्रश्न हमखास निसटतो. वीस वर्षे टिकलेले रहस्य आपोआप टिकत नाही. कोणीतरी किल्ली सांभाळते, कोणीतरी गवंड्याला त्या भिंतीला हात लावू देत नाही, कोणीतरी दरवर्षी छप्पर शाकारताना स्वतः उभे राहते. ही सांभाळणारी माणसेच कादंबरीची खरी पात्रे असतात.

तपासणी: लिहिलेल्या मजकुरातून ‘योगायोगाने’ आणि ‘कसे कोण जाणे’ हे शब्द काढून टाकावेत. ते काढल्यावर कथा कोसळत असेल, तर पुढे जाऊ नये.

टप्पा 2: घर कागदावर बांधा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, कारण बहुतेक चुका येथे होतात आणि त्या शेवटी दुरुस्त करता येत नाहीत. प्रत्येक मजल्याचा स्वतंत्र नकाशा प्रमाणात काढावा; आलेखकागदाचा एक सेंटिमीटर म्हणजे घराचा एक मीटर धरणे सोयीचे पडते. भिंती एका रेघेने न दाखवता त्यांच्या जाडीसह दाखवाव्यात, कारण जुन्या घरात भिंतीची जाडी हीच लपण्याची पहिली जागा असते.

मग हिशेब मांडावा. आपल्या घराची बाहेरील लांबी 20 मीटर आहे. एका ओळीतील तीन खोल्या आतून अनुक्रमे 5.2, 4.8 आणि 5.5 मीटर, म्हणजे एकूण 15.5 मीटर भरतात. वरवर पाहता त्या ओळीत चार भिंती आहेत आणि प्रत्येकी 45 सेंटिमीटर जाडीने त्यांचे 1.8 मीटर होतात. बेरीज 17.3 मीटर होते, म्हणजे 2.7 मीटरचा पत्ता लागत नाही. लपवलेल्या खोलीला स्वतःची एक जादा भिंत लागते. तिचे 45 सेंटिमीटर वजा केले की 2.25 मीटर रुंदीची खोली उरते. आजारी माणसाची खाट, एक घडवंची आणि शुश्रूषा करणाऱ्याला वावरायला जागा एवढे त्यात बसते. हा हिशेब वाचकापुढे कधीही एकत्र मांडायचा नाही. बाहेरील लांबी दुसऱ्या प्रकरणात ‘सत्तावीस पावले’ म्हणून येते, एका खोलीचे माप सतरंजीच्या निमित्ताने येते, दुसऱ्या खोलीचे रंगाऱ्याच्या अंदाजपत्रकात येते. पण लेखकाच्या वहीत तो बिनचूक जुळलेला असलाच पाहिजे.

उभा हिशेबही करावा. चढायला सोयीच्या पायरीची उंची साधारण 15 ते 18 सेंटिमीटर असते. 17 सेंटिमीटरच्या 18 पायऱ्या चढून कोणी वर गेले, तर त्याने 306 सेंटिमीटर उंची गाठली. मधल्या तक्तपोशीची जाडी 30 सेंटिमीटर धरली, तर खालची खोली 276 सेंटिमीटर उंच असायला हवी. कादंबरीत त्याच खोलीत उंच माणसाचा हात छताला टेकत असेल, तर तेथे नकळत एक पोकळी निर्माण झाली आहे. ती हेतुपूर्वक असेल तर तिचा उपयोग करावा, नसेल तर पायऱ्यांची संख्या बदलावी.

आता दाराकडे वळू. अशा कादंबऱ्यांत दगडी शिळा हाताच्या धक्क्याने सरकते आणि लेखकाला त्यात काही वावगे वाटत नाही. दोन मीटर उंच, एक मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड शिळेचे आकारमान 0.3 घनमीटर असते. बांधकामाच्या दगडाचे वजन घनमीटरला 2500 किलोच्या आसपास धरले, तर ती 750 किलोंची झाली. पुस्तकांच्या कपाटामागचा दरवाजाही तेवढा सोपा नाही. पुस्तकांनी भरलेल्या एक मीटर फळीचे वजन 20 ते 30 किलो असते, म्हणजे सहा फळ्यांचे कपाट पुस्तकांसह दीडशे किलोंच्या घरात जाते. ते बिजागऱ्यांवर टांगले की खाली झुकते आणि जमिनीवर अर्धवर्तुळाकार ओरखडा उमटतो. हा ओरखडा उत्तम धागा आहे, मात्र तो वाचकांच्या चांगल्या परिचयाचाही आहे. आपल्या कथेत भिंतीतल्या फडताळाची मागची लाकडी फळी हाच दरवाजा आहे. तो हलका आहे, आतल्या बाजूला उघडतो आणि त्याच्या बिजागऱ्यांना कोणी तेल घालत आले आहे. बंद घरात सगळ्या बिजागऱ्या गंजलेल्या असताना एकच न करकरणे हे करकरणाऱ्या दारापेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करणारे असते.

शेवटी लपलेल्या जागेच्या गरजा पाहाव्यात. माणूस अकरा महिने आत राहणार असेल, तर हवा, उजेड, पाणी आणि मलमूत्राची सोय लागते. आपल्या खोलीला कौलांत बसवलेली एक काच आहे, आणि म्हणून रात्री आत दिवा लावला की उंचावरून पाहणाऱ्याला छपरात उजेड दिसू शकतो. आवाजाचाही विचार करावा. 45 सेंटिमीटर जाड भिंतीतून बोलणे कळत नाही. पण आतल्या भिंती कौलांच्या आढ्यापर्यंत भिडवलेल्या नसतील, तर खोकला भिंतीवरून छपराखालच्या मोकळ्या जागेतून पसरतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला तो माळ्यावरून आल्यासारखा वाटतो. ही एक खरी, तपासून पाहता येणारी गोष्ट संपूर्ण कादंबरीला भुताची अफवा पुरवते.

इशारा: एकापेक्षा अधिक गुप्त जागा ठेवू नयेत. इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेसाठी जे दहा नियम मांडले, त्यांत एकापेक्षा अधिक गुप्त खोली किंवा भुयार चालणार नाही असा एक नियम होता. बाकीच्या नियमांविषयी मतभेद होऊ शकतात, परंतु हा मी काटेकोरपणे पाळण्याच्या मताचा आहे. दुसरी गुप्त जागा सापडताच वाचक विचार करणे सोडून देतो, कारण मग तिसरीही असू शकते.

टप्पा 3: दोन कालरेषा समोरासमोर

वहीची दोन पाने उघडून डावीकडे 1931–32 आणि उजवीकडे 1952 अशा कालरेषा आखाव्यात. डावीकडे महिने पुरतात, उजवीकडे दिवस आणि काही ठिकाणी तासही लागतात. प्रत्येक पात्राचे दोन्ही काळांतील वय लिहावे. बहीण 1931 मध्ये 34 वर्षांची असेल तर 1952 मध्ये ती 55 वर्षांची आहे, म्हणजे थकलेली वृद्धा नव्हे. ती जिना चढू शकते, फडताळाची फळी उघडू शकते आणि म्हणून संशयाच्या कक्षेत येते. त्या वेळी सहा वर्षांचा असलेला पुतण्या आता 27 वर्षांचा आहे, आणि रात्रीचा खोकला त्याला आठवतो, पण भीतिदायक स्वप्न म्हणून.

रात्रीच्या प्रसंगांसाठी चंद्राची नोंद ठेवावी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्री आकाशात उंच असतो. शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, तर वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. एका प्रकरणात लख्ख चांदणे आणि चार दिवसांनी मिट्ट काळोख असे लिहिणारे लेखक पुष्कळ आहेत आणि ते पकडणारे वाचकही तितकेच आहेत.

टप्पा 4: कोणाला काय ठाऊक आहे

हा टप्पा बहुधा वगळला जातो, आणि कथानक फिके पडण्याचे ते मोठे कारण आहे. एक तक्ता आखून डावीकडे पात्रांची नावे आणि वर रहस्याचे घटक लिहावेत: भाऊ घरातच होता, त्याला क्षय होता, त्याने सही केली, तो घरात वारला. प्रत्येक चौकटीत ‘ठाऊक’, ‘ठाऊक नाही’ किंवा ‘चुकीचे ठाऊक’ यांपैकी एक नोंद करावी.

आपल्या कथेत बहिणीला भावाचा आजार आणि मृत्यू ठाऊक आहे; सहीची तिला गंधवार्ता नाही. चुलत्याला सही ठाऊक आहे, पण आपल्याला भावाचा ठावठिकाणा माहीत होता हे बहिणीला कळले आहे की नाही, याची त्याला खात्री नाही. मुलीला तर बाप तिला टाकून गेला असेच सांगितलेले आहे. आणि नोकराच्या रांगेत चारही चौकटींत ‘ठाऊक’ आहे. तक्ता पूर्ण होताच पहिला बळी कोण आणि का, हे लेखकाला वेगळे शोधावे लागत नाही. ज्या एका माणसाजवळ दोन्ही अर्धी सत्ये एकत्र येतात, तोच सर्वांत धोक्यात असतो.

तपासणी: प्रत्येक संवाद लिहिण्यापूर्वी तक्ता पाहावा. ज्याला जे ठाऊक नाही ते त्याच्या तोंडून निसटले, तर एक तर ती लेखकाची चूक असते किंवा गुन्हेगाराची. दुसरे हवे असेल, तर ते ठरवून लिहावे.

टप्पा 5: काळाच्या वस्तू पारखून घ्या

जुन्या वळणाच्या कादंबरीत वस्तू साक्ष देतात, म्हणून त्यांचे साल चुकून चालत नाही. 1931 मध्ये क्षयावर प्रतिजैविक नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडले. त्यामुळे आजाऱ्याला दडवून ठेवण्यामागची अगतिकता त्या सालात पटते, 1952 मध्ये तेवढी पटणार नाही. बोटांच्या ठशांचा पुरावा दोन्ही काळांत उपलब्ध आहे. डीएनए तपासणी मात्र गुन्ह्याच्या तपासात 1986 मध्ये प्रथम वापरली गेली, तेव्हा हाडांवरून ओळख पटवण्याचा सोपा मार्ग 1952 मधील तपासनिसाला नाही.

पत्रे आणि दस्त यांबाबत विशेष काळजी घ्यावी. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद हवा आणि उजेड लागून पिवळा पडतो, आणि त्याच्या कडा मधल्या भागापेक्षा अधिक गडद होतात. लोहयुक्त काळी शाई जुनी झाली की तपकिरी दिसू लागते आणि कधी कधी कागदच खाते. आजच्या पद्धतीच्या बॉलपेनचे एकस्व (पेटंट) 1938 मध्ये नोंदले गेले आणि ते पेन बाजारात सर्रास मिळू लागले दुसऱ्या महायुद्धानंतर. आपल्या चुलत्याने 1952 मध्ये एक पत्र पुढे केले आहे. ते परागंदा भावाने 1934 मध्ये परमुलखातून पाठवले, असे तो सांगतो, आणि ते बॉलपेनने लिहिलेले आहे.

येथे लेखकाची एक जबाबदारी उरते. बॉलपेन केव्हा आले हे वाचकाला ठाऊक असेलच असे नाही, आणि शेवटच्या प्रकरणात तपासनिसाने ते साल सांगितले तर तो न्याय नव्हे. म्हणून आधीच्या एखाद्या प्रकरणात कोणी तरुण आपले नवे पेन कौतुकाने दाखवतो आणि ‘लढाईच्या आधी असले काही मिळत नव्हते’ असे सहज बोलून जातो. आवश्यक ज्ञान आधी, पुरावा नंतर आणि दोहोंमध्ये दोन-तीन प्रकरणांचे अंतर, असा क्रम ठेवावा.

टप्पा 6: धागे विणणे

आता निर्णायक निष्कर्ष वेगळे काढावेत. आपल्या कथेत ते दोनच आहेत: भाऊ घराबाहेर गेलाच नव्हता, आणि पत्र बनावट आहे. पहिल्या निष्कर्षाकडे किमान तीन स्वतंत्र धागे यावेत, म्हणजे एक निसटला तरी वाचकाला वाट राहते. लांबीचा हिशेब हा एक आणि पुतण्याला आठवणारा खोकला हा दुसरा. तिसरा घरखर्चाच्या वहीत आहे: जून 1931 मध्ये घरातील एक कर्ता माणूस गेला, तरी दूध आणि धान्य यांवरचा खर्च घटला नाही, तो जून 1932 पासून घटला. मला हा तिसरा धागा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात भय नाही, रक्त नाही, फक्त आकडे आहेत, आणि बहिणीने कोणाची कशी काळजी घेतली हे ते आकडे मूकपणे सांगतात.

धागा दडवण्याच्या काही खात्रीच्या रीती आहेत. तो एखाद्या यादीच्या मध्यभागी ठेवावा, पहिला किंवा शेवटचा नको. तो देताच कोणीतरी दार ठोठवावे किंवा भांडण उसळावे, म्हणजे वाचकाचे लक्ष पुढे ओढले जाते. ज्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही अशा पात्राच्या तोंडी तो द्यावा. बाहेरून सात खिडक्या आणि आतून सहा, ही जुनी युक्ती वाचक चटकन ओळखतात, म्हणून ती फसवा धागा म्हणून वापरणे उत्तम. सातवी खिडकी जिन्याखालच्या कोठाराची निघते.

इशारा: फसव्या धाग्यालाही स्वतःचे खरे स्पष्टीकरण लागते. रात्री अंगणात हलणारा कंदील ‘उगाच’ हलत नाही. पुतण्या कर्ज फेडण्यासाठी घरातील भांडी चोरून नेत असेल, तर ते शेवटी उघड झाले पाहिजे.

टप्पा 7: प्रकरणांची मांडणी आणि पहिला खर्डा

येथे आल्यावरच लेखनाला बसावे. तीस प्रकरणांची कादंबरी असेल, तर शेवटचा आवश्यक धागा चोविसाव्या प्रकरणापर्यंत वाचकाच्या हाती पडलेला असावा. वातावरणासाठी वेगळी पाने खर्च करू नयेत. घरातला प्रत्येक गूढ आवाज, वास आणि उजेड यांची वहीत एक यादी ठेवून समोर कारण लिहावे. ज्याचे कारण लिहिता येत नाही तो प्रसंग कितीही देखणा असला तरी काढून टाकावा.

निवेदन कोणाच्या नजरेतून होणार, हे आधी ठरवून मग ते बदलू नये. आपल्या कथेसाठी मुलगीच योग्य आहे, कारण तिला काहीच ठाऊक नाही. सर्वसाक्षी निवेदक घेऊन बहिणीच्या मनात शिरलात आणि तिने भावाचा विचार केला नाही असे दाखवलेत, तर ती लबाडी ठरते.

टप्पा 8: उलगडा

क्रम असा ठेवावा: आधी जागा सापडते, मग तेथे कोण होते हे कळते, मग त्यातून कोणाचा लाभ झाला हे सिद्ध होते आणि अखेरीस नोकराला कोणी मारले हे. सर्वांना दिवाणखान्यात बसवून एका दमात दहा पाने बोलणारा तपासनीस टाळावा. निष्कर्ष दोन-तीन प्रसंगांत विभागावा आणि प्रत्येक निष्कर्षासोबत वाचकाने आधी पाहिलेली वस्तू पुन्हा समोर आणावी. बहिणीचा कबुलीजबाब सर्वांत शेवटी यावा. तो येईपर्यंत कोडे सुटलेले असले पाहिजे. कबुलीतून फक्त ‘का’ आणि ‘कसे सोसले’ एवढेच कळावे.

तपासणी: कबुलीजबाबाची पाने बाजूला काढून उरलेली कादंबरी वाचावी. त्यांच्यावाचून गुन्हेगार सिद्ध होत नसेल, तर सहाव्या टप्प्याकडे परतावे.

टप्पा 9: उलटे वाचन आणि परके वाचक

पहिला खर्डा काही आठवडे बाजूला ठेवून मग शेवटच्या प्रकरणापासून पहिल्याकडे वाचत यावे. उलगड्यातील प्रत्येक विधानापाशी थांबून ते आधी कोणत्या पानावर पेरले आहे, त्या पानाचा आकडा समासात लिहावा. जेथे आकडा लिहिता येत नाही तेथे दुरुस्ती हवी. याच वाचनात मोजमापे, वये आणि चंद्राच्या तिथी वहीशी ताडून पाहाव्यात.

त्यानंतर दोन-तीन वाचकांना फक्त पहिली चोवीस प्रकरणे द्यावीत आणि संशयित कोण व कोणत्या कारणांवरून, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. सगळ्यांनी तेच नाव आणि तीच कारणे लिहिली, तर धागे फार ठळक आहेत. कोणालाही खर्चाची वही आठवत नसेल, तर तो धागा फार पुसट आहे. तो आणखी एकदा, वेगळ्या पात्राच्या तोंडून यावा. आणि कोणत्याही दुरुस्तीत खोली हलवावी लागली किंवा साल बदलावे लागले, तर आधी नकाशा, कालरेषा व तक्ता दुरुस्त करावेत आणि त्यानंतरच मजकुराला हात लावावा.